एकाच वाहिनीच्या मालिका, दारे मात्र तीन

आशियाई मालिकांचे अनन्य हक्क आणि वर्गणीदार प्रेक्षक

२०२४ च्या पूर्वार्धात दक्षिण कोरियातील टीव्हीएन या एकाच वाहिनीवरील तीन मालिकांनी देशोदेशीच्या प्रेक्षकांना वेड लावले. १ जानेवारीला ‘मॅरी माय हजबंड’ सुरू झाली, ९ मार्चला ‘क्वीन ऑफ टीअर्स’ आणि ८ एप्रिलला ‘लव्हली रनर’. तिन्ही मालिका प्रत्येकी सोळा भागांच्या. सोलमधल्या प्रेक्षकाला त्या टीव्हीएनवर दिसल्या आणि प्रक्षेपणाची वेळ चुकलीच, तर त्याच उद्योगसमूहाच्या टिव्हिंग या मंचावर एका ठिकाणी सापडल्या. भारतातल्या प्रेक्षकाला मात्र पहिलीसाठी अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ, दुसरीसाठी नेटफ्लिक्स आणि तिसरीसाठी राकुतेन विकी अशी तीन निरनिराळी दारे ठोठावावी लागली. वाहिनी एक, भाषा एक, हंगामही एकच. तरीही अठ्ठेचाळीस भागांचा हा ऐवज तीन कुलपांमागे विभागला गेला होता.

आशियाई मालिकांच्या चाहत्यांमध्ये गेली काही वर्षे जी चिडचिड दिसते, तिचे मूळ येथे आहे. तिची संभावना ‘फुकट पाहायची सवय लागली आहे’ अशा एका वाक्यात केली जाते, आणि ती अन्यायाची आहे. हा प्रेक्षक पैसे द्यायला तयार आहे. बहुतेकदा तो एका ठिकाणी ते देतही असतो. त्याची तक्रार अशी की दिलेल्या पैशांत नेमके काय मिळणार हे त्याला आधी कळत नाही, आणि जे मिळते ते किती काळ टिकेल हेही कोणी सांगत नाही. साखर एका दुकानात, चहापत्ती दुसऱ्यात, दूध तिसऱ्यात, आणि प्रत्येक दुकानात नुसते आत शिरण्यासाठी महिन्याचे भाडे, असा व्यवहार आपण वाण्याकडे एक दिवसही चालवून घेतला नसता. मालिकांच्या बाबतीत तो रूढ कसा झाला, त्यामागे कोणाचे कोणते हिशेब आहेत आणि कायदा या सगळ्यात कोठे उभा आहे, हे पाहण्यासारखे आहे.

हक्कांची वाटणी

कोरियन मालिका बहुधा स्वतंत्र निर्मितीसंस्था तयार करते. वाहिनी निर्मितीखर्चाचा काही भाग उचलते. उरलेला भाग मालिकेत दाखवलेल्या वस्तूंच्या जाहिराती, गाण्यांची विक्री आणि परदेशी हक्क यांतून उभा करावा लागतो. यातला परदेशी हक्कांचा वाटा वर्षानुवर्षे वाढत गेला. पूर्वी हे हक्क देशवार विकले जात. जपान आणि चीन हे मोठे गिऱ्हाईक होते. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाने ‘थाड’ ही अमेरिकी क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा आपल्या भूमीवर बसवण्याचा निर्णय घेतला, त्यावरून चीनशी बिनसले आणि कोणताही लेखी आदेश न निघता चिनी बाजारपेठ कोरियन मालिकांना जवळजवळ बंद झाली. निर्मात्यांच्या ताळेबंदात मोठे भगदाड पडले. नेटफ्लिक्सने कोरियात सेवा सुरू केली तीही २०१६ च्या जानेवारीतच. भारतातही त्याच महिन्यात ती आली. एकेका देशाच्या खरेदीदाराशी घासाघीस करण्याऐवजी बहुतेक सगळ्या जगासाठी एकच धनादेश देणारा हा खरेदीदार निर्मात्यांना हवाहवासा वाटला, यात नवल नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सीजे ईएनएम व तिची उपकंपनी स्टुडिओ ड्रॅगन यांनी, आणि पाठोपाठ जेटीबीसीने नेटफ्लिक्सशी तीन-तीन वर्षांचे करार केले. एप्रिल २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने पुढील चार वर्षांत कोरियन निर्मितीत अडीच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली.

तेव्हा अनन्य हक्क ही निव्वळ हाव आहे, असे म्हणून भागणार नाही. आज पडद्यावर जी झळाळी दिसते तिचा बराचसा खर्च या हक्कांच्या विक्रीतून निघतो. खरेदीदार मोठी रक्कम मोजतो ती मुख्यतः एकटेपणासाठी. हीच मालिका शेजारच्या मंचावर मिळणार असेल, तर तिच्यासाठी नवा वर्गणीदार आपल्या दारी येणार नाही, हे त्याचे साधे गणित असते. मालिका हे त्याच्या दृष्टीने आमिष आहे. विकायची आहे ती वर्गणी.

मात्र आमिषाचा मालक कोण राहतो, यावर बरेच काही अवलंबून असते. ए-स्टोरी या कोरियन निर्मितीसंस्थेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २०१९ मध्ये तिने नेटफ्लिक्ससाठी ‘किंगडम’ तयार केली. मालिका जगभर गाजली, पण हक्क नेटफ्लिक्सकडे. पुढे २०२२ मध्ये ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू’ करताना संस्थेने मूळ हक्क स्वतःकडे राखले, देशात ती ईएनए या तोवर फारशा परिचित नसलेल्या वाहिनीला दिली आणि परदेशी प्रक्षेपणाचा परवाना नेटफ्लिक्सला. पहिल्या भागाला एक टक्काही प्रेक्षक नव्हता. अखेरचा भाग साडेसतरा टक्क्यांवर गेला. तिच्यावर पुढे जे काही बेतले जाईल, त्यातला निर्मात्याचा वाटा शाबूत राहिला. याउलट ‘स्क्विड गेम’. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या या मालिकेच्या पहिल्या पर्वावर सुमारे दोन कोटी चौदा लाख डॉलर खर्च झाले, आणि तिचे मूल्य नेटफ्लिक्सच्याच अंतर्गत हिशेबात सुमारे ८९ कोटी डॉलर धरले गेल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. या यशातून मूळ निर्मितीसंस्थेच्या पदरात किती पडले, यावर कोरियात बराच काळ चर्चा झडली.

प्रेक्षकाच्या दृष्टीने हा तपशील दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. ज्या मालिकेचे हक्क मंचाच्या मालकीचे आहेत, ती त्या मंचावर बहुधा कायम राहते. ज्या मालिकेचा केवळ परवाना घेतला आहे, ती परवान्याची मुदत संपताच जाऊ शकते. दोन्हींवर पाटी मात्र एकच: ‘ओरिजिनल’. कोरियात एखाद्या वाहिनीने रीतसर प्रक्षेपित केलेली मालिकाही परदेशात नेटफ्लिक्सची ‘ओरिजिनल’ म्हणून झळकते, कारण तेथे ती दाखवण्याचा अनन्य परवाना तिच्याकडे असतो. पाटी वाचून आतला करार ओळखता येत नाही.

देशवार वाटणीची ही कल्पना आपल्या कायद्यातही मुरलेली आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरताच धरला जातो. कोठे आणि किती काळ, हे दोन प्रश्न प्रत्येक कराराच्या मुळाशी असतात. पैसे देणाऱ्या प्रेक्षकाला मात्र दोन्हींची उत्तरे सांगण्याचे बंधन कोणावर नाही. प्रस्तुत लेखिकेने एकदा एका मंचाची वर्षभराची वर्गणी एका तैवानी मालिकेसाठी भरली होती. सातव्या भागानंतर मालिकाच यादीतून नाहीशी झाली. चौकशी केल्यावर उत्तर आले की आमच्याकडील सामग्री वेळोवेळी बदलत असते.

कुंपणे होती, पण ठेंगणी

पूर्वी सगळे मोकळे रान होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. डीव्हीडीच्या काळातही जगाचे विभाग पाडलेले होते. जपान दुसऱ्या विभागात, कोरिया, तैवान व हाँगकाँग तिसऱ्यात, भारत पाचव्यात आणि चीन सहाव्यात. कोरियात विकत घेतलेली तबकडी भारतातल्या यंत्रावर चालेलच याची खात्री नसे. फरक इतकाच की तबकडी एकदा चालली, की ती आपली. तिची मुदत संपत नसे, ती शेजाऱ्याला देता येई, आणि कंपनी बंद पडली म्हणून कपाटातून उठून जात नसे.

भारतातल्या सर्वसामान्य घरांत कोरियन मालिका पोहोचली तीही सरकारी वाहिनीवरून. ‘ज्युएल इन द पॅलेस’ ही राजवाड्यातील स्वयंपाकघरापासून राजवैद्यपदापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रीची कथा २००३-०४ मध्ये कोरियातील एमबीसी वाहिनीवर चौपन्न भागांत आली आणि २००६ च्या सुमारास दूरदर्शनवर ‘घर का चिराग’ या नावाने हिंदीत दिसली. मणिपूरची कहाणी याहून निराळी. तेथे सप्टेंबर २००० मध्ये रिव्होल्यूशनरी पीपल्स फ्रंट या भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपट व वाहिन्यांवर बंदी जाहीर केली. ती पोकळी इंग्रजी उपशीर्षकांसह दिसणाऱ्या अरिरांग या कोरियन वाहिनीने आणि पाठोपाठ बाजारात आलेल्या तबकड्यांनी भरून काढली. देशाच्या इतर भागांत कोरियन केशरचना आणि पेहराव यांचे आकर्षण पोहोचण्याच्या कितीतरी आधी इंफाळमध्ये ते रुळले होते. एका बंदीतून दुसरी आवड जन्मावी, हा इतिहासाचा खट्याळपणाच म्हणायचा.

इंटरनेटवरचा पहिला मोठा अध्याय मात्र चाहत्यांनी लिहिला. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ड्रामाफीव्हर ही सेवा सुरू झाली. कोरियन, पुढे जपानी, चिनी, तैवानी मालिका रीतसर परवाने घेऊन इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवणारी ती पहिल्या काही सेवांपैकी एक. २०१४ मध्ये ती सॉफ्टबँकेने घेतली, २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी ती बंद झाली, आणि बंद होणार हे वर्गणीदारांना त्याच दिवशी कळले. अर्धवट पाहिलेल्या मालिका, जमवलेल्या याद्या, वर्षानुवर्षांची चर्चा एका सूचनेसरशी संपली. तिच्याकडील मालिकांचे परवाने इतस्ततः विखुरले. काही जुन्या मालिका पुढे कोणत्याच मंचाच्या टोपलीत पडल्या नाहीत. नवी मालिका तीन मंचांवर विभागली जाते तेव्हा प्रेक्षक त्रासतो, पण ती कोठेतरी असते. वीस वर्षांपूर्वीची, कोणालाच आमिष म्हणून उपयोगी न पडणारी मालिका कोठेच नसते. या व्यवस्थेतले खरे नुकसान ते आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

विकीचा वृत्तांत अधिक गुंतागुंतीचा आहे. २००७ मध्ये काही विद्यार्थ्यांनी ही सेवा उभारली. नाव ‘व्हिडिओ’ आणि ‘विकी’ या दोन शब्दांची सांगड घालून तयार झालेले, आणि कल्पनाही तशीच: मालिका आम्ही दाखवू, भाषांतर जगातल्या स्वयंसेवकांनी करावे. काम कसे चालते हे पाहिले तर थक्क व्हायला होते. कोरियात भाग प्रसारित झाल्यावर काही जण ध्वनी ऐकत संवादांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा आरंभ आणि शेवट नेमका बांधतात. मग मूळ भाषा जाणणारे इंग्रजी उपशीर्षके लिहितात, संपादक ती तपासतात, आणि त्या इंग्रजीवरून किंवा थेट मूळावरून इतर भाषांतले गट आपापले काम सुरू करतात. प्रत्येक मालिकेला एक व्यवस्थापक स्वयंसेवक असतो. अनेक मालिकांची इंग्रजी उपशीर्षके अशा रीतीने एका दिवसाच्या आत तयार होत. वृत्तपत्राच्या भाषांतर-कक्षात बसणाऱ्या कोणालाही या वेगाचा हेवा वाटावा. कोरियन बोलण्यात वय, नाते आणि दर्जा यांनुसार क्रियापद बदलते; मोठ्या भावाला लहान बहीण एका शब्दाने हाक मारते आणि लहान भाऊ दुसऱ्या. इंग्रजीत हे सारे ‘यू’ आणि नावावर सपाट होते. स्वयंसेवकांच्या भाषांतरात असे शब्द तसेच ठेवून कंसात खुलासा देण्याची पद्धत पडली होती. ‘दादा’, ‘ताई’, ‘वहिनी’ म्हणणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तिचे मोल वेगळे सांगायला नको.

२०१३ मध्ये जपानच्या राकुतेनने विकी विकत घेतली. पुढे पाहण्याच्या सोयीचे स्तर पडले: काही मालिका जाहिरातींसह विनामूल्य, बऱ्याचशा वर्गणीदारांसाठी, आणि त्यातही कोणत्या देशात कोणती दिसणार हे परवान्यानुसार. ठरावीक प्रमाणात काम करणाऱ्या स्वयंसेवकांना वर्गणी माफ होते, हे खरे. तरीही ज्यांनी फुकट श्रम केले त्यांच्या शब्दांवर कुलूप लावून ती विकली जाते, हा प्रश्न उरतोच. एखाद्या मालिकेचा परवाना संपला की स्वयंसेवकांनी रात्री जागून लिहिलेली उपशीर्षकेही तिच्याबरोबर पडद्याआड जातात.

राजकारणाचे कुलूप

भारतीय प्रेक्षकासमोर व्यापारी कुलपाशिवाय आणखी एक कुलूप आहे. २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली त्रेचाळीस अ‍ॅपवर बंदी घातली. त्या यादीत चिनी मालिकांचे दोन मोठे स्रोत होते, टेन्सेंटचे वीटीव्ही आणि मँगो टीव्ही. मालिकांवर बंदी नव्हती, मंचांवर होती. त्यामुळे चिनी मालिका इतर मंचांकडून जितक्या घेतल्या जातात तितक्याच अधिकृतपणे येथे दिसतात. पाकिस्तानी मालिकांचा प्रवास तर अधिकच खंडित. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या झिंदगी वाहिनीने त्या घराघरांत नेल्या, सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या थांबल्या, २०२० मध्ये झी-५ वर परतल्या आणि ८ मे २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने पाकिस्तानी मूळ असलेली सर्व सामग्री हटवण्याची सूचना मंचांना दिली. सुरक्षेचे हे निर्णय योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. येथे नोंदवायचे ते इतकेच, की अशा प्रसंगी वर्षभराची वर्गणी आगाऊ भरलेल्या प्रेक्षकाचे काय, याची तरतूद कोठेच नसते.

चिनी मालिकांनी एक उलटे उदाहरणही घालून दिले आहे. २०१९ ची ‘द अनटेम्ड’ टेन्सेंटच्या स्वतःच्या मंचावर आणि त्याच्या यूट्यूब वाहिनीवर होती, विकीवर होती आणि अनेक देशांत नेटफ्लिक्सवरही होती. मालिका सगळीकडे मिळाल्याने तिचे चाहते घटले नाहीत. उलट पन्नास भागांची ही लांबलचक कथा चीनबाहेर नेमकी त्यामुळेच पसरली. अनन्यतेवाचून मालिका चालतच नाही, हा युक्तिवाद या एका उदाहरणाने पुरता खोडला जात नसला, तरी त्याची धार नक्कीच बोथट होते.

केबलला नियम, ओटीटीला नाही

आपल्याकडे हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. केबलच्या आणि डीटीएचच्या प्रारंभीच्या काळात हीच भीती होती, की लोकप्रिय वाहिनी एकाच कंपनीला दिली जाईल आणि बाकीच्यांचे ग्राहक हात चोळत बसतील. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २००४ मध्ये केलेल्या आंतरजोडणी विनियमांत याला आळा घातला. कोणत्याही प्रसारकाने वितरकाशी असा अनन्य करार करू नये, ज्यामुळे दुसऱ्या वितरकाला ती वाहिनी मिळणे अशक्य होईल, आणि मागणाऱ्या प्रत्येक वितरकाला भेदभाव न करता वाहिनी द्यावी, असे हे बंधन. २०१७ च्या नव्या विनियमांतही हे तत्त्व कायम राहिले, आणि सोबत प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करून ती सुटी घेण्याची मुभा ग्राहकाला मिळाली. म्हणजे पणजीत डिश कोणत्याही कंपनीची लावा, झी मराठी किंवा स्टार प्रवाह मिळणारच. आपण हे इतके गृहीत धरले आहे, की त्यामागे नियम आहे हेच विसरलो.

क्रिकेटसाठी तर संसदेने कायदाच केला. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क कोणाकडेही असोत, त्यांचे चित्रण प्रसार भारतीला द्यावे लागते.

ओटीटी मंचांना यातले काहीच लागू नाही. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी त्यांच्यासाठी वयानुसार वर्गवारी, तक्रार निवारण अधिकारी आणि पंधरा दिवसांत उत्तर असे बंधन आणले. पण तो सारा भर काय दाखवावे आणि काय दाखवू नये यावर आहे. अनन्य हक्क, परवान्याची मुदत, मालिका काढून घेण्याआधीची सूचना, यांविषयी नियम मौन पाळतात. यात एक रास्त फरक मान्य करायला हवा. वाहिनी म्हणजे अखंड वाहणारा प्रवाह, आणि मालिका म्हणजे एक कृती. प्रत्येक कृती प्रत्येकाला द्यायला लावणे म्हणजे पुस्तक सगळ्या प्रकाशकांनी छापावे असा हट्ट धरण्यासारखे होईल. परंतु पुस्तक एका प्रकाशकाने छापले तरी ते कोणत्याही दुकानात मिळते, आणि दुकानात शिरायला वर्गणी लागत नाही. मंचांनी प्रकाशक आणि दुकानदार या दोन्ही भूमिका एकाच अंगावर घेतल्या आहेत. गुंता तेथे आहे. एखादी मालिका वर्गणीशिवाय, एकरकमी किंमत देऊन विकत वा भाड्याने घेता यावी, एवढी सोय झाली तरी निम्मी चिडचिड संपेल. चित्रपटांसाठी काही मंचांवर ती आहे. आशियाई मालिकांसाठी ती भारतात अपवादानेच दिसते.

युरोपीय संघाने मधला मार्ग काढून पाहिला. १ एप्रिल २०१८ पासून संघातील एका देशात भरलेली वर्गणी दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरत्या मुक्कामातही चालते. प्रवासात असताना आपल्याच मालिका दिसेनाशा होत नाहीत. त्याच वर्षी प्रदेशबंदीविरुद्ध केलेल्या दुसऱ्या नियमातून मात्र चित्रपट आणि मालिका वगळण्यात आल्या. देशवार हक्कविक्रीवर जगणाऱ्या निर्मात्यांचा दबाव तेथेही मोठा आहे.

बीजिंगचा एक निकाल

ग्राहकाने दाद मागितली आणि व्यवस्था बदलली, असे ठळक उदाहरण सापडते ते चीनमध्ये. २०१९ च्या अखेरीस आयचीयी आणि टेन्सेंट यांनी ‘जॉय ऑफ लाइफ’ ही ऐतिहासिक मालिका दाखवताना एक नवी शक्कल लढवली. सशुल्क सदस्यांना भाग आधी दिसतील, हे आश्वासन आधीच विकलेले होते. आता त्याच सदस्यांनी आणखी पैसे दिले तर पुढचे भाग आणखी आधी दिसतील, असे जाहीर झाले. रांगेत पुढे उभे राहण्याचे पैसे घेतल्यावर त्याही पुढे दुसरी रांग लावण्याचा हा प्रकार. एका वकील सदस्याने आयचीयीवर खटला भरला. जून २०२० मध्ये बीजिंग इंटरनेट न्यायालयाने निर्णय दिला, की सदस्याशी झालेल्या कराराच्या अटी कंपनीला एकतर्फी बदलून त्याचे हक्क कमी करता येणार नाहीत. भरपाई १,५०० युआन, म्हणजे किरकोळच. पण तत्त्व ठरले. शांघायच्या ग्राहक संघटनेनेही पुढे या प्रकारावर टीका केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आयचीयी, टेन्सेंट आणि योकू या तिन्ही मोठ्या मंचांनी ही आगाऊ भागांची विक्री बंद केली.

मालिका कोणाला विकायची यात त्या न्यायालयाने हात घातला नाही. जे विकले ते पुरते द्या, एवढेच म्हटले. भारतीय ग्राहकाच्या दृष्टीनेही कायद्याची वाट बहुधा येथूनच जाते.

वर्गणी भरताना

तोवर व्यवहार पाहावा लागतो. आपल्याकडे किमतींचा खेळ किती विचित्र आहे याचा नमुना १४ डिसेंबर २०२१ या एका दिवसात मिळतो: त्या दिवशी नेटफ्लिक्सने मोबाइलपुरती योजना १९९ वरून १४९ रुपयांवर आणि बेसिक योजना ४९९ वरून १९९ वर आणली, तर प्राइमने वार्षिक वर्गणी ९९९ वरून १,४९९ केली. एकाने दार रुंद केले, दुसऱ्याने उंबरठा वाढवला. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही एक खाते एका घरापुरते मर्यादित केले आणि म्हापशाची मावशी व मडगावची भाची यांच्यात चालत आलेली वाटणी संपली.

जाणकार प्रेक्षक अलीकडे वार्षिक वर्गणी टाळतात. मालिका पूर्ण प्रसारित होऊ द्यायची, मग एका महिन्याची वर्गणी भरून ती सलग पाहायची आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंचाकडे वळायचे. आठवड्याला दोन भाग या कोरियन वेळापत्रकात सोळा भागांना आठ आठवडे लागतात. थांबण्याची तयारी असेल तर दोन महिन्यांचे पैसे एका महिन्यावर येतात. चर्चेत कथेचा शेवट आधी कळण्याचा धोका मात्र पत्करावा लागतो.

आपोआप होणाऱ्या वसुलीवर रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पैसे कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना येणे बंधनकारक आहे आणि तो संदेश पाहून वसुली थांबवता येते. हा संदेश बहुतेक जण न वाचताच पुसून टाकतात, असे दिसते. दुसरी तरतूद केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्या अनुचित ठरवल्या आहेत. त्यांत वर्गणीचा सापळा ही एक आहे: भरणे एका कळीवर, रद्द करणे मात्र दहा पायऱ्यांवर. असा अनुभव आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचे दार उघडण्याचा मार्ग बरेच जण सुचवतात. तो बहुतेक मंचांच्या अटींचा भंग असतो आणि खाते बंद झाल्यास दाद मागता येत नाही. चोरट्या संकेतस्थळांविषयी तर वेगळे लिहायला नको. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अशा स्थळांच्या नव्या नव्या प्रतिकृतीही रोखता येतील असा आदेश दिला, तरी ती नव्या नावाने उगवतात. ज्या मालिकेला अधिकृत दारच नाही, तिचा प्रेक्षक तेथे जातो, हे निर्मात्यांनाही ठाऊक आहे.

कोरियातच आता वाऱ्याची दिशा किंचित बदलते आहे. टिव्हिंग आणि वेव्ह या दोन देशी मंचांच्या एकत्रीकरणाला तेथील स्पर्धा आयोगाने जून २०२५ मध्ये सशर्त परवानगी दिली. दुसरीकडे एसबीएस या जुन्या वाहिनीने जानेवारी २०२५ पासून सहा वर्षांसाठी नेटफ्लिक्सशी हातमिळवणी केली आहे, आणि तिच्या काही नव्या मालिका जगभर एकाच दारातून दिसतात.

आपल्याकडे प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा स्वतःचा मंच सुरू केला तो गोव्यातच, २० नोव्हेंबर २०२४ रोजी इफ्फीच्या उद्घाटनाच्या दिवशी. एकेकाळी ‘घर का चिराग’ देशभर विनावर्गणी दाखवणाऱ्या संस्थेचा हा मंच. ज्यांच्यावर आज कोणाचाच अनन्य हक्क उरलेला नाही आणि ज्या कोणत्याच मंचाला नकोत, अशा जुन्या आशियाई मालिकांचे परवाने स्वस्त असतात. त्या घेऊन त्यांना मराठी आणि कोकणी उपशीर्षके देण्यासाठी स्वयंसेवक शोधायला फार लांब जावे लागणार नाही.